पेंटॅगॉनची कागदपत्रं आणि तालुक्याचा वार्ताहर

स्टीव्हन स्पीलबर्गचा 'द पोस्ट' पाहून बाहेर पडलेला पत्रकार पुढचा अर्धा तास तरी मान ताठ ठेवून चालतो. सिनेमाच त्या बेताचा आहे. मेरिल स्ट्रीप आणि टॉम हँक्स, सरकारने दडवलेले कागद, वकिलांची रात्री उशिरापर्यंतची हुज्जत, आणि शेवटी छपाईयंत्र सुरू झालं की वरच्या मजल्यावरचं टेबल थरथरायला लागतं. ज्यांनी कधीकाळी रात्रपाळीत शाईचा वास येणारा पहिला अंक हातात घेतला आहे, त्यांच्या अंगावर त्या दृश्याला काटा येतोच. माझ्याही आला. पण नागपुरात वृत्तपत्रस्वातंत्र्यावर परिसंवाद असो की पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांपुढचं भाषण, हा सिनेमा किंवा असाच एखादा दुसरा दाखल्याला घेतला जातो आणि त्यातून ठरलेला धडा निघतो: सरकार दाबतं, वृत्तपत्र लढतं, न्यायालय सोडवतं. हा धडा अमेरिकेतल्या १९७१ च्या जून महिन्यापुरता ठीक आहे. विदर्भातल्या तालुक्याच्या वार्ताहराला तो सांगितला तर तो ऐकून घेईल, चहा पिईल आणि गाडीला किक मारून निघून जाईल. त्याची बातमी न्यायालयापर्यंत पोचतच नाही. ती त्याच्या कितीतरी आधी मरते, आणि तिला मारायला कुठल्याही सरकारी आदेशाची गरज पडत नाही.

आधी सिनेमामागची खरी गोष्ट. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिका कशी गुंतत गेली, याचा अभ्यास संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी १९६७ मध्ये सुरू करवला. हीच ती पेंटॅगॉनची, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याची, कागदपत्रं: ४७ खंड, सुमारे ७ हजार पानं. ट्रूमन, आयझेनहॉवर, केनेडी, जॉन्सन अशा चार अध्यक्षांच्या काळात लोकांना एक सांगितलं जात होतं आणि फायलीत दुसरंच लिहिलेलं होतं. या अभ्यासावर काम केलेल्या डॅनियल एल्सबर्ग यांनी १९६९ मध्ये त्या कागदांच्या गुपचूप झेरॉक्स काढल्या. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १३ जून १९७१ ला ते छापायला सुरुवात केली. दोन दिवसांत सरकारने न्यायालयातून मनाई आणली. १८ जूनला 'वॉशिंग्टन पोस्ट'ने आपल्या हाती लागलेल्या कागदांवरून बातम्या द्यायला सुरुवात केली, मग 'बॉस्टन ग्लोब' आणि इतरही दैनिकं उतरली. ३० जूनला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला.

म्हणजे पहिली उडी 'टाइम्स'ची. पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिकही 'टाइम्स'लाच मिळालं. सिनेमा मात्र 'पोस्ट'वर निघाला, म्हणून 'टाइम्स'च्या जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. ते सोडून देऊ. दिग्दर्शकाने 'पोस्ट' का निवडला हे सिनेमा लक्ष देऊन पाहिला की कळतं. 'टाइम्स'कडे बातमी होती, 'पोस्ट'कडे पेच होता. 'पोस्ट'च्या कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात आले ते १५ जून १९७१ ला, नेमके त्याच आठवड्यात. खटला उभा राहिला असता तर शेअरविक्रीचा व्यवहार अडचणीत येऊ शकत होता. फौजदारी गुन्हा सिद्ध झाला असता तर कंपनीच्या दूरचित्रवाणी केंद्रांचे परवाने धोक्यात आले असते. वकील नको म्हणत होते. आणि ज्या मॅक्नामारांच्या काळातले हे कागद, ते मालकीणबाई कॅथरीन ग्रॅहम यांचे घरोब्याचे मित्र. १७ जूनच्या रात्री त्यांच्या घरी एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याचा निरोप समारंभ चालू होता. पाहुणे घरात असताना त्या फोनवर आल्या, दोन्ही बाजू ऐकल्या आणि छापा म्हणाल्या.

सिनेमाचा जीव या फोनमध्ये आहे. न्यायालयातला भाग त्यामानाने पटकन उरकला आहे, आणि ते बरोबरच आहे. वृत्तपत्राचं स्वातंत्र्य त्या रात्री, अभिव्यक्तीला संरक्षण देणाऱ्या अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीवर जेवढं अवलंबून होतं, तेवढंच एका मालकिणीच्या नफातोट्याच्या हिशोबावर आणि एका मैत्रीवर अवलंबून होतं. परिसंवादात आपण नेमका हाच भाग वगळतो. तो इथे बोलायला अवघड जातो. संपादक, मालक, पालकमंत्री, बिल्डर आणि मोठ्या रुग्णालयाचे संचालक एकाच स्वागत समारंभात एकाच रांगेत उभे राहून वधूवरांना आहेर देतात, हे नागपुरात कोणाला ठाऊक नाही?

एल्सबर्ग यांच्यावर मिळून ११५ वर्षांची शिक्षा होऊ शकेल अशी कलमं लावली होती. सरकारच्याच माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचं कार्यालय फोडल्याचं उघड झालं आणि १९७३ मध्ये न्यायाधीशांनी खटला रद्द केला. सिनेमात या माणसाला मोजकीच मिनिटं मिळतात. बातमी छापणाऱ्यावर सिनेमे निघतात, कागद आणून देणाऱ्यावर क्वचितच. आपल्याकडे तर अशा माणसाच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अजून अमलातच आलेला नाही. जिल्हा परिषदेतला एखादा कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेचा, म्हणजे झालेल्या कामाच्या सरकारी नोंदवहीचा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि दोन मिनिटांनी 'डिलीट फॉर एव्हरीवन' करतो. आमचे एल्सबर्ग असे असतात.

कायद्यात आपण कमी पडलो असं म्हणावं, तर नागपूरला ते लागू होत नाही. उलट या शहराचा त्या बाबतीतला वाटा इथल्याच लोकांना पुरेसा माहीत नाही. 'भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकार' हे प्रकरण नागपूर उच्च न्यायालयातलं, १९४७ च्या निकालसंग्रहात छापलेलं. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी त्यात एक कसोटी घालून दिली: लिखाणाचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या नजरेतून, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाच्या माणसाच्या नजरेतून नव्हे. ब्रिटिश अजून गेलेले नव्हते तेव्हाच्या वातावरणातली ही भाषा आहे. १९८८ मध्ये फाळणीवरच्या 'तमस' या दूरदर्शन मालिकेवर बंदी मागितली गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावली, आणि २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणातही तीच उद्धृत केली. सिव्हिल लाइन्समधल्या न्यायालयाच्या त्या इमारतीसमोरून रोज हजारो लोक जातात. या वाक्यांची पाटी तिथे लावायला हरकत नसावी.

दुसरा निकाल 'सकाळ'चा. १९६० मध्ये केंद्र सरकारने दैनिकांची पानं आणि किंमत यांची सांगड घालणारा आदेश काढला. 'सकाळ' तेव्हा आठवड्याच्या सहा दिवसांत ३४ पानं देत होता आणि अंकाची किंमत होती ७ नये पैसे. नव्या हिशोबाने त्या किमतीत २४ पानंच देता आली असती, ३४ द्यायची तर किंमत ८ नये पैसे करावी लागली असती. एका नव्या पैशाची ही लढाई सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने आदेश रद्द केला तो या तर्कावर की, किंमत वाढली की खप घटतो, पानं कमी केली की मजकूर घटतो, जाहिराती आवळल्या की दोन्हीला फटका बसतो, आणि हे सगळं मिळून अभिव्यक्तीवरचाच घाला आहे. निकाल लिहिला न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर यांनी. अमरावतीच्या रघुनाथ नरसिंह मुधोळकरांचे हे चिरंजीव, आणि नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले. वृत्तपत्राचं स्वातंत्र्य त्याच्या जमाखर्चात असतं, हे वैदर्भीय न्यायमूर्तीने १९६१ मध्ये स्वच्छ लिहून ठेवलं होतं.

अगदी अलीकडचं उदाहरण २०२४ चं. सरकारविषयीची कोणती माहिती खोटी हे सरकारनेच नेमलेला कक्ष ठरवणार, असा नियम केंद्राने आणला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं विभागली गेली. तिसरं, निर्णायक मत न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांचं पडलं आणि नियम कोसळला. त्यांची अनेक वर्षांची वकिली नागपुरातली. आणि २०१९ मध्ये राफेल प्रकरणात, वृत्तपत्राने छापलेली संरक्षण खात्याची कागदपत्रं न्यायालयाने पाहूच नयेत असा आक्षेप सरकारने घेतला, तेव्हा तो फेटाळताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच १९७१ च्या अमेरिकन निकालाचा हवाला दिला होता.

तेव्हा निकाल आहेत, चांगले आहेत, आणि वेळ पडली तर उपयोगीही पडतात. आणीबाणीत प्रकाशनपूर्व तपासणी होती, तरी १९७६ मध्ये मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाने उच्च न्यायालयात सेन्सॉरला हरवून दाखवलं. माझं म्हणणं एवढंच की, हे सगळं उपयोगी पडायला आधी कोणीतरी बातमी छापायचा निर्णय घ्यावा लागतो. आणि तो निर्णय जिथे होतो तिथे कॅमेरा कधी जात नाही.

तिथे एकदा जाऊन पाहा. नागपूरपासून दीड-दोन तासांवरचं तालुक्याचं गाव, ऑगस्टचा पहिला आठवडा. बसस्थानकासमोरच्या टपरीवर एका मोठ्या दैनिकाचा वार्ताहर बसला आहे. त्याच्या रेक्झिनच्या बॅगेत जाहिरातीचं दरपत्रक, पावतीपुस्तक आणि मागच्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिन पुरवणीचा घडी पडलेला अंक. त्या अंकात पानभर चौकोन: 'तमाम जनतेस हार्दिक शुभेच्छा', खाली सरपंच, पतसंस्थेचे अध्यक्ष, कृषी केंद्राचे मालक, आणि अर्ध्या पानावर एक शासकीय कंत्राटदार, पांढऱ्या शर्टात, हात जोडून. कोणाकडून यंदाचे पैसे आले त्याच्यावर पेनने खूण. या पुरवणीचं 'टार्गेट' जिल्हा कार्यालयातून ठरून येतं. वार्ताहराला मिळणारं मानधन गाडीच्या पेट्रोललाही पुरत नाही, घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी अंक, वर्धापनदिन, नेत्याचा वाढदिवस, गणराज्यदिन असं हे चक्र बारा महिने चालतं.

त्याच्या मोबाइलमध्ये मी एका सिमेंट नाला बांधाचे फोटो पाहिले. पहिल्याच पावसात बांध मधोमध तडकला होता. तडकलेल्या जागी सळाख दिसायला हवी होती, ती नव्हती.

"सर, पाहा ना, लोहाच नाही याच्यात," तो म्हणाला. "पण हा ठेकेदार दरसाल अर्धं पान देते मले. नाव टाकून बातमी लावली त ते अर्धं पान गेलं समजा. अन् टार्गेट नाही झालं त ऑफिस दुसरा माणूस पाहून राहिलं."

बातमी आली. आतल्या पानावर, दोन परिच्छेद. बांध 'निकृष्ट दर्जाचा असल्याची चर्चा' होती, 'नागरिकांत नाराजी' होती, आणि 'संबंधित विभागाने लक्ष द्यावे अशी मागणी होत आहे' असा शेवट. कोणी बांधला, किती रुपयांचं काम, मोजमाप कोणी केलं, बिल कधी निघालं, यातलं काही नाही. कोणा मंत्र्याने फोन केला नव्हता. कोणत्या अधिकाऱ्याने नोटीस दिली नव्हती. डेस्कवरच्या उपसंपादकानेही काही कापलं नव्हतं. बातमी पाठवतानाच ती तशी पाठवली गेली होती.

याला भ्याडपणा म्हणणं सोपं आहे. नागपुरातूनच १९०७ मध्ये 'हिंदी केसरी' काढणाऱ्या माधवराव सप्रे यांना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. घरच्यांच्या दबावामुळे ते माफीनामा लिहून देऊन सुटले. पुढे त्यांनी हिंदी पत्रकारितेसाठी केवढं काम केलं, गीतारहस्य हिंदीत आणलं, पण ती माफी त्यांच्या मनातून गेली नाही असं त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. इतक्या मोठ्या माणसाला घराची ओढ सुटली नाही. दोन मुलं, भाड्याची खोली आणि हप्त्यावरची मोटरसायकल असलेल्या वार्ताहराने सळाखीसाठी हुतात्मा व्हावं ही अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करतो? आणि खरोखर कोणी धीर करतो तेव्हा काय होतं, तेही पाहिलं आहे. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची जमीन व्यवहारातल्या एका इसमाविषयीची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ ला छापून आली. त्याच दिवशी त्याच इसमाने त्यांना गाडीखाली चिरडल्याचा आरोप आहे, आणि दुसऱ्या दिवशी वारिशे गेले. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा विधिमंडळाने २०१७ मध्येच केला होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर वाचक मलाच हसतील. याच व्यवस्थेत 'बातमी लावू का?' असं विचारून पाकीट घेणारेही तयार झाले आहेत. ग्रामसेवक त्यांना घाबरतात, तलाठी त्यांना बघून चहा मागवतात. गळ्यात ओळखपत्र आणि गाडीवर 'प्रेस' एवढ्या भांडवलावर तालुक्यात वजन मिळतं. पण ज्याला पगार नाही, टार्गेट आहे आणि हातात बातमीचं हत्यार आहे, तो एक तर गप्प बसेल नाहीतर वसुली करेल. तिसऱ्या वाटेने जाणारे आहेत, माझ्या माहितीतले आहेत, पण ते स्वतःच्या शेतीवर किंवा बायकोच्या शिक्षिकेच्या पगारावर पत्रकारिता करतात.

मौन केवळ जाहिरातीमुळेच येतं असंही नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. नागपुरातून तिथे गाडीने जायला फार वेळ लागत नाही. बंदी नव्हती, सेन्सॉर नव्हता. तरी सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंधांतून झालेलं हत्याकांड असा सूर होता, आणि जातीचा प्रश्न ठळकपणे पानावर यायला आठवडे गेले. सत्यशोधन कार्यकर्त्यांनी केलं, फोटो त्यांनी फिरवले, नोव्हेंबरात नागपूर-अमरावतीच्या रस्त्यांवर लोक उतरले, तेव्हा कुठे मथळे मोठे झाले. न्यूजरूममध्ये कोण बसतं आणि कोणाच्या घरची गोष्ट 'बातमी' वाटते, हा प्रश्न तेव्हा या शहराने उघड्या डोळ्यांनी पाहिला. डॉ. आंबेडकरांना तो १९२० मध्येच भेटला होता: 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देतो म्हटलं तरी 'केसरी'ने छापली नाही. राजद्रोहाखाली तुरुंग भोगलेल्या संपादकाचं ते वृत्तपत्र. सरकारशी लढणारं वृत्तपत्र समाजाशी लढेलच असं नाही, हे दीक्षाभूमीच्या शहरात तरी कोणाला समजावून सांगावं लागू नये.

त्याच वर्षी, २००६ मध्ये, मुंबईत फॅशन वीक चालला होता आणि त्यात कापसाचे कपडे मिरवले जात होते. त्या सोहळ्याला ५१२ पत्रकार आणि कापूस पिकवणाऱ्या विदर्भातल्या आत्महत्यांचं वार्तांकन करणारे अर्धा डझन, हा पत्रकार पी. साईनाथ यांनी दिलेला हिशोब आजही टोचतो. पुढे १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. ते जाहीर होण्यामागे मोजक्या बातमीदारांचा चिवटपणा होता, आणि त्यातही गावचा पत्ता, सातबारा आणि सावकाराचं नाव शोधून देणारे बहुतेक वेळा तालुक्याचेच वार्ताहर होते. त्यांची नावं बायलाइनमध्ये आली नाहीत.

मालकांचं म्हणणं मी अनेकदा ऐकलं आहे आणि ते अगदीच टाकाऊ नाही. कागद, शाई, छपाई, वाहतूक, विक्रेत्याचं कमिशन धरलं तर पाच-सहा रुपयांना विकलेल्या अंकाचा खर्च विक्रीतून निघत नाही. उरलेला जाहिरातदारच भरतो. मग त्याला दुखवायचं कसं? ग्रॅहमबाईंच्या मागेही शेवटी पैसाच होता ना, असंही ते विचारतात. होता. पण तो पैसा त्या शहरातल्या हजारो छोट्या जाहिरातींचा आणि पैसे मोजून अंक घेणाऱ्या वाचकांचा होता. एका जाहिरातदाराने रागावून पाठ फिरवली तर अंक बंद पडणार नव्हता. आपल्याकडे छोट्या जाहिराती मोबाइलने कधीच गिळल्या. उरले ते बिल्डर, कोचिंग क्लास, रुग्णालयं, नेत्यांचे वाढदिवस आणि सर्वांत भरवशाचं गिऱ्हाईक, म्हणजे सरकार. निविदा सूचना, जाहीर नोटिसा, योजनांच्या पानभर जाहिराती. शासनमान्य यादीत नाव टिकवणं हीच छोट्या दैनिकाची धडपड होऊन बसते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी दैनिकांत एका नेत्याविषयी शब्दशः सारखा मजकूर बातमी म्हणून आला होता. पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने लांबलचक अहवाल लिहिला. तो प्रकार पोटापाण्याच्या याच गणितातून निघाला होता.

वाचकालाही यातून मोकळं सोडता येत नाही. वर्षाची वर्गणी भरताना आपण अंकातला मजकूर पाहतो की सोबत मिळणारी बादली? कूपनं चिकटवून डिनर सेट नेणारी घरं धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत सगळीकडे आहेत. वर्षभराच्या रद्दीचे पैसे वजा केले तर अंक जवळपास फुकट पडतो, हे कौतुकाने सांगणारेही त्याच घरात 'हल्लीचे पेपर विकले गेले' म्हणतात.

आता यूट्यूब आहे, पोर्टल आहेत, कोणाला छापखान्याची गरज नाही, असं तरुण मुलं म्हणतात. हिवाळी अधिवेशनात विधान भवनाबाहेर बूम माइक घेतलेल्यांची गर्दी पाहिली की तसं वाटतंही. त्यातले काही जण उत्तम काम करतात. पण तालुक्याच्या चॅनलवाल्याच्या मागे ना डेस्क आहे, ना वकील. एक अब्रुनुकसानीची नोटीस आली की व्हिडिओ खाली उतरतो. आणि त्याचीही शुभेच्छांची जाहिरात तोच कंत्राटदार देतो, फक्त पडद्यावर सरकत्या पट्टीतून.

म्हणून माझी मागणी न्यायालयांकडे नाही, निदान पहिली तरी नाही. पहिली मागणी वृत्तपत्रांच्या मालकांकडे: तालुक्याच्या वार्ताहराच्या हातातून पावतीपुस्तक काढून घ्या. जाहिरात आणायला वेगळा माणूस ठेवा, वार्ताहराला ठरलेला पगार द्या, आणि नियुक्तीपत्र द्या. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उचलून धरल्या, तरी 'मानधनावरचा' माणूस त्यांच्या बाहेरच राहिला. हे केल्याने खर्च वाढेल, अंक रुपया-दोन रुपयांनी महागेल. महागू द्या. बादली कमी करा.

दुसरी मागणी कागदांची. आमच्याकडे पेंटॅगॉनच्या फायली कोणी मध्यरात्री आणून देत नाही. आमच्याकडे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे त्यात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. तरी त्याच अर्जावर बांधाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिलाची प्रत मिळत आली आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातल्या, वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या कलम ८(१)(ञ) मधली सार्वजनिक हिताची सवलत काढून टाकण्याची तरतूद केली. व्यापक लोकहिताचं वेगळं कलम शिल्लक आहे, पण 'ही वैयक्तिक माहिती आहे' असं एका ओळीत उत्तर देऊन फाईल बंद करायला कार्यालयाला आता सोयीचं कारण मिळतं. कंत्राटदाराचं नाव वैयक्तिक, लाभार्थ्याचं नाव वैयक्तिक, चौकशी झालेल्या अधिकाऱ्याचं नाव वैयक्तिक. पत्रकार संघटनांनी ओळखपत्रं आणि टोलमाफीसाठी जेवढी निवेदनं दिली, त्याच्या दहाव्या हिश्शाने जरी या बदलाविरुद्ध दिली असती तर बरं झालं असतं.

तिसरी गोष्ट डिसेंबरात, इथेच करता येण्यासारखी आहे. अधिवेशनासाठी सगळं सरकार नागपुरात येतं. एखाद्या आमदाराने तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न टाकावा: गेल्या पाच वर्षांत शासनाने, महामंडळांनी आणि महापालिकांनी कोणत्या दैनिकाला किती रुपयांच्या जाहिराती दिल्या, कोणत्या निकषावर दिल्या, कोणाच्या थांबवल्या आणि का, आणि कोणाची बिलं किती महिने अडकून आहेत. दैनिकनिहाय, जिल्हानिहाय तक्ता पटलावर ठेवावा. सत्ताधारी बाकांवरून कोणी हा प्रश्न टाकणार नाही, आणि विरोधी बाकांवरच्यांनाही वाढदिवसाची पुरवणी असतेच, तेव्हा आमदार शोधायलाच थोडा वेळ लागेल. पण उत्तर खरंच आलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सीताबर्डीच्या स्टॉलवरून पाच-सहा अंक विकत घ्यावेत आणि तो तक्ता कोणी पहिल्या पानावर छापला, कोणी आत ढकलला, कोणी छापलाच नाही, ते स्वतः पाहावं.